सूर्याचं वादळ आणि अलिबागची वेधशाळा

गेटवेवरून लाँच पकडून मांडव्याला उतरलं, की बस आपल्याला अलिबागला नेते. तिथे आपण बीचवर जातो, किल्ला बघतो. पण १९०४ पासून तिथे एक चुंबकीय वेधशाळा चालू आहे, ती मात्र बघायची राहते.

आधी ती मुंबईत, कुलाब्याला होती. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्यात माणसं डोळ्यांनी रीडिंग घेऊन वहीत लिहीत होती. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचं त्या नोंदींत दिसतं. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्यांवरूनच वादळाची ताकद काढली.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, म्हणजे मोजमाप बिघडणार. संचालक होते नानाभाई मूस. वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला गेली, चुंबकाला न ओढणाऱ्या दगडी इमारतीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, नवा सर्व्हर लावला तरी जुना लगेच बंद केला नाही. म्हणून डेटाची साखळी तुटली नाही.

याचा आपल्याशी काय संबंध? अशा वादळात वरचं वातावरण तापून फुगतं. तिथली हवा दाट होते आणि खालून फिरणाऱ्या उपग्रहांचा वेग खाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह असेच गेले. तेही तसं किरकोळ वादळ होतं!

१८५९ मध्ये वर एकही उपग्रह नव्हता. आज हजारो आहेत. वादळ किती मोठं होऊ शकतं, हे सांगायला कुलाब्याची ती वही आहे.