डिझेल यंत्र आणि वेगाचे षोकीन

डिझेल यंत्र म्हटलें कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें विहिरीच्या कांठावर धडधडणारा पंप, घाट चढणारी मालमोटार, फार तर एखादी आगबोट उभी राहते. किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस तेलावरील एंजिनांचा कारखाना काढला, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला हें यंत्र घरच्या माणसासारखें परिचयाचें झालें आहे. परंतु त्याचा आणि वेगाच्या हौसेचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. युरोप-अमेरिकेंतील मोटारींच्या षोकिनांचाहि फार दिवस हाच समज होता. शर्यतीच्या गाडींत डिझेल यंत्र घालणें म्हणजे घोडदौडीच्या मैदानावर बैल उतरविणें होय, असें ते मानीत. तो बैल मैदानावर उतरला, एकदां नव्हे अनेकदां उतरला, आणि कित्येक वेळां जिंकलाहि. तथापि षोकिनांचें मन त्यानें पुरतें जिंकलें असें म्हणवत नाहीं. असें कां झालें असावें, तें येथें पाहूं.

रुडॉल्फ डिझेल याचें यंत्र १८९७ च्या फेब्रुवारींत ऑग्सबुर्ग येथें प्रोफेसर श्रोटर यांनीं तपासलें, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामास लागतो असें दिसून आलें. त्या काळचें कोणतेंहि वाफेचें यंत्र याच्या जवळपास नव्हतें. म्हणजे या यंत्राचा जन्मच मुळीं काटकसरीसाठीं झाला. वेग हा त्याच्या जनकाच्या मनांतला विषय नव्हता. पेट्रोलच्या यंत्रांत हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीनें पेटवावें लागतें. डिझेल यंत्रांत नुसती हवाच इतकी दाबतात कीं ती तापून लाल होण्याच्या बेतास येते, आणि मग तींत तेल फवारलें कीं तें आपोआप पेट घेतें. एवढा दाब सोसावयाचा म्हणजे यंत्राचें अंग जाड व जड पाहिजे. शिवाय तेल फवारून, हवेशीं मिसळून जळण्यास थोडा अवकाश लागतो. त्यामुळें दट्ट्याला फार जलद खालीं-वर करतां येत नाहीं. षोकिनांच्या गाडीचें पेट्रोल यंत्र मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतें, तेथें डिझेलचा दम साडेचार-पांच हजारांवर संपतो. तेव्हां षोकिनांची तक्रार ही केवळ खोड नव्हे. ती यंत्राच्या घडणींतूनच निघाली आहे, हें प्रथमच सांगितलेलें बरें.

या तक्रारीचें मुख्य अंग आवाज हें होय. ज्याला गाडी चालविण्याचा नाद आहे तो वेगमापकाच्या कांट्याकडे जितका पाहतो, त्याहून अधिक कानांनीं ऐकतो. चांगलें पेट्रोल यंत्र खर्जांतून सुरू होऊन तारसप्तकांत जातें. गियर केव्हां बदलावा हें चालविणारास कानच सांगतात. डिझेल यंत्र मध्यसप्तकांतच थांबतें, आणि तेथेंहि तें गात नाहीं, टकटकतें. दुसरी तक्रार वजनाची. गाडीचें नाक जड झालें कीं वळणावर ती हट्टी होते. वासाची आणि काजळीची तक्रार तर कोणीहि करील.

या सगळ्यावर डिझेलच्या कैवाऱ्यांचें उत्तर एकच असतें, आणि तें दुर्बळ नाहीं. तें म्हणजे टॉर्क, अथवा चाकाला मिळणारा पीळ. डिझेल यंत्राच्या सिलिंडरांत नुसती हवाच भरावयाची असल्यामुळें टर्बोचार्जर लावून ती वाटेल तितकी कोंबतां येते. पेट्रोलच्या यंत्राप्रमाणें मिश्रण अवेळीं पेटण्याची भीति नसते. त्यामुळें थोड्या फेऱ्यांतच असा रेटा मिळतो कीं गियर न बदलतां नुसता पाय दाबला तरी गाडी पुढच्या मोटारीला ओलांडून जाते. कागदावरची अश्वशक्ति ही क्वचित् वापरावयाची श्रीमंती, आणि टॉर्क हा रोजच्या खर्चाचा पैसा, असें या पक्षाचें म्हणणें आहे.

हा वाद टर्बोचार्जरच्याहि पूर्वींचा आहे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कोलंबस या गांवीं क्लेसी कमिन्स नांवाचा एक गृहस्थ होता. तो मूळचा डब्ल्यू. जी. अर्विन या सावकाराचा मोटारचालक. मालकाच्या पैशावर त्यानें १९१९ सालीं डिझेल यंत्रांचा कारखाना काढला. पण धंदा कांहीं चालेना. १९२९ मध्यें बाजार कोसळल्यावर तर कारखाना बंद होण्याची पाळी आली. तेव्हां कमिन्सनें एका जुन्या पॅकार्ड गाडींत आपलें यंत्र बसविलें आणि नाताळच्या दिवशीं धन्यास तींतून फिरवून आणलें. धन्याचें मन पालटलें. पुढें तीच गाडी तो न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनास घेऊन गेला. सुमारें आठशें मैलांच्या त्या प्रवासास दीड डॉलरहून कमी किंमतीचें तेल लागलें.

परंतु काटकसरीच्या बातमीनें षोकिनांचें रक्त तापत नाहीं, हें कमिन्स ओळखून होता. म्हणून १९३१ सालीं त्यानें ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यांत आपलें यंत्र घालून ती गाडी इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत उतरविली. डेव्ह एव्हन्स हा चालक होता. इतर गाड्या तेलासाठीं, टायरांसाठीं थांबत होत्या. ही गाडी पांचशें मैल एकदांहि न थांबतां धांवली. तसें त्या शर्यतींत पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. ताशीं सरासरी ८६ मैलांनीं ती तेरावी आली. विजयी गाडीचा सरासरी वेग ताशीं ९६ मैलांहून थोडा अधिक होता. आमच्या मतें डिझेलची सारी कहाणी या एका शर्यतींत सांठविलेली आहे. न थांबणें हाहि वेगाचाच एक प्रकार आहे कीं नाहीं, या प्रश्नावर षोकिनांचे दोन तट तेव्हां पडले, ते आजतागायत मिटलेले नाहींत.

कमिन्सच्या मंडळींस तेराव्या क्रमांकावर समाधान मानावयाचें नव्हतें. १९५२ सालीं त्यांनीं पुनः गाडी आणली. या वेळीं यंत्र आडवें निजविलें होतें, त्यामुळें गाडी जमिनीस चिकटल्यासारखी बुटकी दिसे. आणि त्यास टर्बोचार्जर जोडला होता. त्या शर्यतींत टर्बोचार्जर लावून आलेली ही पहिलीच गाडी. चालक फ्रेड अगाबाशियन यानें सरावाच्या दिवसांत गाडीचा खरा वेग मुद्दाम झांकून ठेवला. मग पात्रतेच्या दिवशीं त्यानें चार फेऱ्यांत ताशीं १३८ मैलांचा नवा विक्रम करून पहिली जागा पटकावली. डिझेलची गाडी सर्वांच्या पुढें उभी राहिलेली पाहून त्या मैदानावरील जाणत्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी! शर्यतींत मात्र दैव फिरलें. टर्बोचार्जरचें हवा ओढण्याचें तोंड गाडीच्या नाकाशीं, खालच्या बाजूस होतें. पुढच्या गाड्यांच्या टायरांचे उडालेले रबराचे तुकडे त्यांत जाऊन बसले, आणि दोनशें फेऱ्यांपैकीं ७१ फेरे झाल्यावर गाडी बाहेर पडली. एवढ्या मोठ्या उद्योगाचा शेवट रबराच्या कचऱ्यानें व्हावा, हें पाहून हळहळ वाटते.

इकडे युरोपांत डिझेलची वाट अगदींच निराळी होती. १९३६ मध्यें मर्सिडीझ-बेंझनें २६० डी ही गाडी बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडली. तिचें यंत्र अडीच लिटरचें, शक्ति ४५ अश्वांची. ती टॅक्सीवाल्यांची गाडी झाली, आणि पुढें तीन-चार तपें युरोपांतील डिझेल मोटार म्हणजे टॅक्सी हें समीकरण कायम राहिलें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर काटकसरीचें महत्त्व वाढलें, तेव्हां याच कारखान्यानें तिचें रूप पालटण्याचा प्रयत्न केला. सी १११ या प्रायोगिक गाडींत पांच सिलिंडरांचें, टर्बोचार्जर लावलेलें डिझेल यंत्र घालून १९७६ सालीं इटलींतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर त्यांनीं अनेक विक्रम केले. १९७८ सालीं हीच गाडी नव्या, पाण्याच्या थेंबासारख्या अंगानें आली, आणि २३० अश्वशक्तीवर ताशीं तीनशें किलोमीटरांच्या पलीकडे बारा तास धांवली. षोकिनांनीं टाळ्या वाजविल्या. पण वर्तुळांत सरळ पाय दाबून बसणें म्हणजे गाडी चालविणें नव्हे, असेंहि ते म्हणाले.

खरा पालट झाला तो शतकाच्या अखेरीस. १९८९ सालीं ऑडीनें टर्बोचार्जरसह थेट सिलिंडरांत तेल फवारणारें १२० अश्वशक्तीचें यंत्र आपल्या १०० या गाडींत आणलें. १९९७ सालीं अल्फा रोमिओनें त्यापुढची पायरी गांठली. तेथें सर्व सिलिंडरांसाठीं एकच नळी ठेवून तींत तेल प्रचंड दाबाखालीं सज्ज ठेवतात, आणि विजेच्या यंत्रणेनें हवें तेव्हां हवें तितकें फवारतात. आधीं थोडेंसें फवारून मग उरलेलें सोडलें कीं जुनी टकटक पुष्कळ कमी होते. ज्या अल्फाच्या यंत्राचा आवाज षोकीन संगीतासारखा ऐकत आले, त्याच घराण्यानें हा मान मिळवावा, ही गोष्ट कित्येकांस रुचली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं बी. एम. डब्ल्यू. च्या ३२० डी गाडीनें नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत जिंकली. चोवीस तासांची शर्यत डिझेलनें जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तेथेंहि कमी वेळां तेल भरावें लागणें हेंच तिचें मुख्य शस्त्र होतें. एव्हन्सची युक्ति सदुसष्ट वर्षांनीं फळास आली म्हणावयाची.

यापुढें १९०६ पासून ग्रां प्रीच्या शर्यतींशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे त्या फ्रान्समधील ल मां शहरीं डिझेलनें जें केलें, त्याची दखल घेतल्यावांचून चालणार नाहीं. २००६ सालीं ऑडीची आर १० ही गाडी तेथील चोवीस तासांच्या शर्यतींत उतरली: बारा सिलिंडर, साडेपांच लिटर, ६५० हून अधिक अश्वशक्ति, आणि अकराशें न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क. बीला, पिरो आणि वेर्नर या तिघांनीं ती चालवून शर्यत जिंकली, आणि तेव्हांपासून २०१४ पर्यंत सलग नऊ वर्षें विजय डिझेलकडेच राहिला. त्यांतलें २००९ चें वर्ष पूझोचें, बाकीचीं आठ ऑडीचीं. पण प्रेक्षकांस चमत्कारिक वाटलें तें दुसरेंच. ती गाडी इतकी मुकाट्यानें जाई कीं टायरांची सळसळ आणि वाऱ्याचा सुसाट तेवढा ऐकूं येई. ल मांस लोक रात्रभर जागतात ते अंधारांतून येणारा यंत्रांचा स्वर ऐकण्यासाठींहि. त्यांना हा विजय मूकपटासारखा वाटला. शिवाय नियमांनीं डिझेलला झुकतें माप दिलें होतें, ही तक्रारहि आम्हांस रास्त वाटते: टर्बो लावलेल्या पेट्रोल यंत्रास चार लिटरांची मर्यादा, आणि डिझेलला साडेपांच. त्याच २००६ सालीं जे. सी. बी. या माती उकरणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यानें आपल्याच दोन यंत्रांवर एक गाडी रचली आणि अँडी ग्रीन यानें ती अमेरिकेंतील बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशीं ३५० मैलांनीं नेली. तेथें मात्र कोणी नियमांचें नांव काढलें नाहीं.

रस्त्यावरच्या गाड्यांत या यशाचें प्रतिबिंब अर्धवटच पडलें. २००८ सालीं ऑडीनें आर ८ या आपल्या दोन आसनी गाडींत बारा सिलिंडरांचें डिझेल यंत्र घालून प्रदर्शनांत मांडलें, पण ती गाडी विक्रीस कधीं आली नाहीं. २०१२ मध्यें बी. एम. डब्ल्यू. नें आपलें एम हें मानाचें अक्षर तीन टर्बोचार्जरांच्या डिझेल गाडीस बहाल केलें, तेव्हां जुन्या भक्तांनीं कपाळाला आंठ्या घातल्या. आपल्याकडे गोष्ट थोडी निराळी झाली. फियाटचें १.३ लिटरचें लहानसें यंत्र पुण्याजवळ रांजणगांवीं आणि हरियाणांत मानेसर येथें बनूं लागलें, व मारुति, टाटा, फियाट अशा अनेकांच्या गाड्यांत गेलें. दोन हजार फेऱ्यांखालीं मरगळ आणि वर एकदम रेटा, हा त्याचा स्वभाव. डिझेल स्वस्त म्हणून ज्या तरुणांनीं अशी गाडी घेतली, त्यांतले पुष्कळ त्या रेट्याच्या प्रेमांत पडले. टॉर्कचें वेड आपल्या देशांत आलें तें असें हिशेबाच्या वहींतून.

आणि मग २०१५ चा सप्टेंबर उजाडला. डिझेलच्या भर उष्ण आणि हवेनें समृद्ध ज्वलनांत नत्राचीं विषारी प्राणिदें तयार होतात. ज्या गुणानें इंधन वांचतें त्याचीच ही दुसरी बाजू. तीं आवरावयाचीं तर खर्च वाढतो, नाहीं तर गाडीचा दम कमी होतो. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन धूर मोजला, तेव्हां फोक्सवागेनच्या दोन गाड्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेल्या आढळल्या. पुढें उघड झालें कीं परीक्षेची वेळ ओळखून तेवढ्यापुरतें सभ्यपणें वागण्याची युक्तिच त्या यंत्रांच्या गणकांत घातलेली होती, आणि अशा गाड्या जगभर सुमारें एक कोटि दहा लाख होत्या. सामान्य ग्राहकापेक्षांहि हा घाव कैवाऱ्यांच्या जिव्हारीं लागला. आवाज नाहीं, तरी अंकांत आम्ही पुढें आहों, असें ते वर्षानुवर्षें सांगत आले होते. आतां अंकांवरचाच विश्वास उडाला. शर्यतीच्या मैदानावरचे विजय खोटे नव्हते, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. पण लोकांना तो भेद करण्याइतकी सवड नव्हती, आणि शहरांतील हवेंत श्वास घेणाऱ्यांनीं तो करावा अशी अपेक्षा तरी कां ठेवावी?

ऑडी २०१६ च्या अखेरीस ल मां सोडून गेली. पोर्शनें २०१८ सालीं डिझेलचा त्याग जाहीर केला. बी. एम. डब्ल्यू. नें तीन लिटरच्या एकाच यंत्रास चार टर्बोचार्जर जोडून ४०० अश्वशक्ति आणि ७६० न्यूटन-मीटर टॉर्क मिळविला होता. तें यंत्र २०२० सालीं शेवटची आवृत्ति म्हणून शिक्का मारलेल्या थोड्या गाड्यांत बसवून त्यांनीं तें बनविणें थांबविलें.