नाडीचा आकडा आणि सायकलस्वार

सायकलच्या हँडलावर बसविलेल्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर स्वतःच्या हृदयाचे ठोके आकड्यांत पाहत जाणारा सायकलस्वार आतां पुण्याच्या किंवा नाशिकच्या रस्त्यांवर नवलाचा राहिलेला नाहीं. छातीभोंवतीं एक पट्टा, हँडलावर एक लहानसें यंत्र, आणि दोहोंमध्यें कोणतीहि तार नाहीं. तरी दर क्षणास १४२, १४५, १५१ असे आकडे पडद्यावर उमटत असतात. हें यंत्र वापरणाऱ्यांचे अनुभव ऐकावे तर त्यांत दोन पक्ष सहज दिसून येतात. एक म्हणतो, या आकड्यानें आम्हांस शहाणें केलें. दुसरा म्हणतो, जो आकडा एका क्षणीं ६० तर दुसऱ्या क्षणीं २३० होतो त्यावर विश्वास कसा ठेवावा? आमच्या मतें दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें नीट समजण्यास या यंत्राचा इतिहास पाहणें हा उत्तम मार्ग होय. हृदयाचे ठोके मोजण्याचें काम जसजसें एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें, तसतसा आकडा अधिक चोख होत गेला. परंतु त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र दर वेळीं नव्या माणसावर येऊन पडली.

आपल्याकडील वैद्य मनगटावर तीन बोटें ठेवून नाडी पाहत असत. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीस प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिल्या आहेत. वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी, असें तें वर्णन आहे. तेथें प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कशी’ हा होता. नाडी पाहणारा एक, जिची पाहावयाची तो दुसरा, आणि अर्थ लावण्याचा अधिकार सर्वस्वीं पहिल्याचा. युरोपांतहि पुष्कळ काळपर्यंत स्थिति फारशी वेगळी नव्हती.

‘किती’ हा प्रश्न प्रथम यंत्राच्या साहाय्यानें विचारला तो इटलींतील सांतोरिओ या वैद्यानें, सतराव्या शतकाच्या आरंभीं. दोरीला टांगलेलें एक वजन झुलवावयाचें, आणि त्याचा झोका रोग्याच्या नाडीशीं जुळेपर्यंत दोरी लांब-आंखूड करावयाची. शेवटीं दोरीची जी लांबी भरेल तेंच नाडीचें माप. त्या काळच्या घड्याळांस सेकंदांचा भरंवसा नव्हता, म्हणून वेळेच्या जागीं लांबी मोजण्याची ही युक्ति. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं, १७०७ सालीं, इंग्लंडांतील लिचफील्ड येथील जॉन फ्लॉयर या वैद्यानें नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बरोबर एक मिनिट चालेल असें घड्याळ त्यानें मुद्दाम करवून घेतलें होतें. ‘मिनिटास अमुक ठोके’ असें जें माप आज पडद्यावर दिसतें, तें रुजविण्याचें बरेंचसें श्रेय या फ्लॉयरकडे जातें.

एकोणिसाव्या शतकांत नाडी स्वतःच लिहूं लागली. एतिएन-झ्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६० सालीं मनगटावर बांधावयाचें असें यंत्र सिद्ध केलें कीं, त्यांतील हलकी काडी नाडीबरोबर वरखालीं होऊन काजळी धरलेल्या कागदावर रेषा काढीत असे. परंतु ही नाडी म्हणजे रक्ताच्या लाटेचा मनगटीं पोंचलेला धक्का; खुद्द हृदयाची वीज टिपण्याचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यानें उत्तम साधलें. चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें ताणलेला अतिसूक्ष्म तंतु, आणि हृदयाची क्षीण वीज त्यांतून जातांच त्यास येणारा कंप, हें त्याच्या यंत्राचें मर्म. यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें, आणि तें चालविण्यास पांच माणसें लागत. रोग्यास हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावें लागे, कारण कोरडी कातडी वीज नीट जाऊं देत नाहीं. रोगी रुग्णालयांत आणि यंत्र प्रयोगशाळेंत, अशी अडचण असल्यामुळें आइंथोव्हेननें १९०५ सालीं सुमारें दीड किलोमीटर लांबीच्या तारेवरून हृदयाची वीज आणून तिची नोंद घेतली. त्यास १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मिठाचें पाणी आणि दूर बसून घेतलेली नोंद, या दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या; त्यांची गांठ पुढें पुन्हा पडणार आहे.

इकडे सायकलीचा इतिहास आपल्या वाटेनें चालला होता. जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ १८८५ सालीं आली. दोन सारख्या चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी ही सायकल आजच्या सायकलीची आई म्हणावी. रस्ते मोकळे झाले तसें ‘आज किती गेलों’ हें जाणण्याची हौस उत्पन्न झाली, आणि अमेरिकेंतील हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडर यानें १८९५ सालीं अंतरमापक बाजारांत आणला. चाकाच्या तारेवर बसविलेली खुंटी दर फेऱ्यास एका तारकाकृति चाकाचा एकेक दांता पुढें ढकली, आणि दांत्यांवरून मैल मोजले जात. या मापकानें चाकाचे फेरे चोख मोजले. परंतु ते फेरे ज्याच्या बळावर होत त्या स्वाराचा हिशेब मात्र कोठेंच लागत नव्हता.

हे दोन प्रवाह एकत्र येण्याचा पहिला प्रसंग मोठा विलक्षण आहे. अमेरिकेंतील मॉन्टाना प्रांतीं हेलेना गांवीं नॉर्मन होल्टर नांवाचा शास्त्रज्ञ होता. पलंगावर निजलेल्या माणसाचें हृदय पाहून चालत्या-धांवत्या माणसाच्या हृदयाचें ज्ञान कसें व्हावें, असा त्याचा प्रश्न. त्यानें १९४७ च्या सुमारास हृदयाची वीज बिनतारी रेडिओनें पाठविणारें यंत्र तयार केलें, स्वतःच्या पाठीवर बांधलें, आणि जागच्या जागीं चालणाऱ्या व्यायामाच्या सायकलीवर तो बसला. पाठीवरील ओझें सुमारें ३८ किलोंचें होतें! त्याच वर्षीं डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढील कांहीं वर्षांत हीं ओझीं झपाट्यानें हलकीं होत गेलीं. होल्टरच्या नांवानें ओळखलें जाणारें, दिवसभर अंगावर बाळगावयाचें नोंदयंत्र आज हृदयरोगाच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यांत आहे.

होल्टरचें यंत्र रोग्यांच्या उपयोगीं आलें. निरोगी माणसाच्या अंगावर तें आलें फिनलंडमधून. औलू येथील विद्यापीठांत विद्युत्शास्त्र शिकविणारे सेप्पो सॅनॅयॅकांगास यांनीं, बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंची नाडी धांव चालू असतांना कशी मोजावी, हा विचार मनांत घेऊन १९७७ सालीं ‘पोलार’ ही कंपनी स्थापिली. आणि १९८२ सालीं छातीचा पट्टा व मनगटावरील घड्याळ अशी बिनतारी जोडी विक्रीस आली. मनगटावरचें घड्याळ हँडलावर जाण्यास फार काळ लागला नाहीं. अंतर, वेग आणि हृदय हीं तिन्ही एका पडद्यावर आलीं. आमच्या मतें या कथेंतील सर्वांत मोठी क्रांति हीच होय. नाडी पाहणारा आणि जिची नाडी पाहावयाची तो, हे दोघे इतिहासांत प्रथमच एक झाले, आणि तेहि घाम गाळीत असतां!

परंतु सत्तेबरोबर जबाबदारी आली, आणि तक्रारीहि आल्या. पट्टा विजेचा ठोका टिपून सुमारें पांच हजार कंपनांच्या चुंबकीय लहरीनें तो एक मीटरच्या आंतबाहेर पोंचवीत असे. या लहरीवर कोणाचेंच नांव लिहिलेलें नसल्यानें शेजारून जाणाऱ्या स्वाराचें हृदय आपल्या पडद्यावर उमटावें, विजेच्या तारांखालून जातांना आकड्यांनीं एकदम उडी घ्यावी, असे प्रकार होत. पुढें लहरींस सांकेतिक खूण दिली गेली. अलीकडच्या ‘अँट प्लस’ व ‘ब्लूटूथ’ या पद्धतींत तर प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळें शेजाऱ्याच्या हृदयाचा घोंटाळा जवळजवळ मिटला आहे. मात्र एक तक्रार अद्यापि जशीच्या तशी आहे. घरून निघतांच पहिलीं पांच-दहा मिनिटें आकडा वेडावांकडा येतो आणि घाम सुटला कीं आपोआप सुधारतो, हा अनुभव पट्टा वापरणाऱ्या बहुतेकांस आहे. याचें कारण तेंच, जें आइंथोव्हेनच्या रोग्यास मिठाच्या पाण्यांत हात बुडवावयास लावीत होतें. पट्टा बांधण्यापूर्वीं तो पाण्यानें ओला करावा, म्हणजे घामाची वाट पाहावी लागत नाहीं. वाऱ्यानें फडफडणारा, कृत्रिम धाग्याचा सैल सदराहि घर्षणाची वीज निर्माण करून आकडा फसवितो.

या झाल्या यंत्राच्या चुका. त्यांहून अधिक विचार करण्याजोग्या चुका अर्थाच्या आहेत. इटलींतील फेरारा विद्यापीठाचे फ्रांचेस्को कोंकोनी यांनीं १९८२ सालीं असें मांडलें कीं, वेग वाढवीत नेला असतां हृदयाचे ठोके कांहीं मर्यादेपर्यंत सरळ रेषेंत वाढतात आणि मग ती रेषा वांकते; तो वांक हीच दीर्घकाळ टिकणाऱ्या श्रमाची सीमा. याच मंडळींच्या देखरेखीखालीं तयारी करून फ्रांचेस्को मोझेर यानें जानेवारी १९८४ मध्यें मेक्सिको शहरीं एका तासांत प्रथम ५०.८०८ आणि चार दिवसांनीं ५१.१५१ किलोमीटर अंतर काटलें. एडी मर्क्सचा १९७२ चा विक्रम ४९.४३१ किलोमीटरांचा होता. हृदयमापकाची कीर्ति जगभर झाली. परंतु त्या तयारींत रक्त चढविण्याचाहि भाग होता, आणि तें त्या वेळीं नियमबाह्य नव्हतें, असें पुढें खुद्द मोझेरनेंच सांगितलें. आणि तो प्रसिद्ध वांक सर्वच माणसांत दिसत नाहीं, असेंहि नंतरच्या अभ्यासकांस आढळलें.

दुसरें उदाहरण तर घरोघरीं पोंचलें आहे. ‘२२० मधून वय वजा करा, ती तुमच्या हृदयाची परमावधि’ हें सूत्र सर्वांस पाठ असतें. १९७० च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन डॉक्टरांनीं निरनिराळ्या अभ्यासांतील आंकडे एकत्र मांडून डोळ्यांनीं ढोबळ रेषा काढली, तिच्यांतून हें निघालें. तें प्रत्येक व्यक्तीस लागू करण्याचा नियम म्हणून सिद्ध केलेलें नव्हतें. तानाका व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं पुष्कळ अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या सात दशांश’ असें सूत्र दिलें. पन्नाशींतील माणसास पहिलें १७० सांगतें व दुसरें १७३. सत्तरींत मात्र पहिलें १५० आणि दुसरें १५९. शिवाय एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. सूत्रावर विसंबून एखादा आजोबा व्यर्थ भितो, आणि एखादा तरुण व्यर्थ धीट होतो.

त्यांतहि हृदय हें श्रमाच्या मागून चालतें. सिंहगडाचा चढ लागतांच पाय ताबडतोब जोर करूं लागतात, पण आकडा चढण्यास अर्धें-एक मिनिट लागतें; तेवढ्या वेळांत अननुभवी स्वार आपली शक्ति उधळून बसतो. उन्हाळ्यांत तोच रस्ता त्याच वेगानें काटला तरी शरीरांतील पाणी कमी होत गेल्यामुळें तासाभरानें आकडा वर वर सरकत जातो. अपुरी झोंप, कॉफी, अंगांतील कणकण यांचाहि वांटा त्यांत असतो. म्हणूनच १९८६ सालीं उल्रिख शोबरर या जर्मन अभियंत्यानें पायडलावर पडणारी शक्ति थेट वॅटमध्यें मोजणारें यंत्र काढलें, तेव्हां हृदयमापक आतां निकालांत निघाला, असें कित्येकांस वाटलें. तसें झालें नाहीं. शक्तिमापक सांगतो, काम किती झालें. हृदयमापक सांगतो, त्या कामाची शरीरानें काय किंमत दिली. दोन्ही आकडे शेजारीं ठेवून, कालच्याच कामास आज हृदय अधिक कां धांवतें, असा प्रश्न जो स्वतःस विचारतो त्यासच यंत्राचा खरा लाभ होतो.

आतां प्रारंभींच्या दोन पक्षांकडे वळूं. आकडा वेडावांकडा आला कीं ‘यंत्र बिघडलें’ म्हणून हंसून सोडून देण्याची संवय अनुभवी स्वारांस लागते, आणि पुष्कळदां तें खरेंहि असतें. पण नेहमींच नव्हे. निवांत चालींत एकाएकीं २०० वर गेलेला आकडा कोरड्या पट्ट्याचा असेल, किंवा हृदयाच्या बिघडलेल्या तालाचाहि असेल. आणि पडद्यावर ते दोन्ही अगदीं सारखे दिसतात. अशा वेळीं यंत्रावर आंधळा विश्वास जितका धोक्याचा तितकाच आंधळा अविश्वासहि. याचा निवाडा करण्यास नवें यंत्र लागत नाहीं. सायकलवरून उतरावें, सांवलींत बसावें, मनगटावर तीन बोटें ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजावे आणि त्यांस चारांनीं गुणावें. बोटें आणि पडदा यांचें जमलें नाहीं व ताल नियमित लागला, तर पट्टा ओला करून पुढें जाण्यास हरकत नाहीं. दोघांनीं एकच मोठा आकडा सांगितला आणि विश्रांतीनंतरहि तो उतरला नाहीं, किंवा बोटांखालचा ताल तुटक लागला, किंवा छातींत दुखूं लागलें, चक्कर आली, तर त्या दिवसाची सायकल तेथेंच थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. बिनतारी पट्टा ठोके मोजून देतो. ते ‘किती’ हें फ्लॉयरनें शिकविलें. ते ‘कसे’ हें मात्र अजूनहि आपलें आपणच पाहावें लागतें.