कळलावी, सुरंजान आणि धमनीतला दाह

धमनी तुंबते म्हणजे नळात गाळ साचतो, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. इथे भिवंडीत अँजिओप्लास्टी करून आलेला माणूसही ‘नळी साफ केली’ असेच सांगतो. या चित्रामागचा इतिहास वाचताना मला दीडशे वर्षांहून जुना एक वाद सापडला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत, रक्तातलेच द्रव्य धमनीच्या भिंतीवर थर धरते, दाह नंतरचा. रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ च्या सुमारास हा क्रम उलटा केला. मूळ विकार भिंतीतला दाह, चरबी त्याच्या मागून येते, असे त्यांचे मत. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या. त्यांना त्या जागी पांढऱ्या पेशीही दिसल्या होत्या. पण जगाच्या लक्षात राहिले ते कोलेस्टेरॉल. मला यात नवल वाटत नाही. कोलेस्टेरॉल खाऊ घालता येते, मोजता येते, पुढे गोळीने उतरवताही आले. दाह वेगळा काढून दाखवणे अवघड होते.

दाह मुख्य प्रवाहात परतला तो रसेल रॉस यांच्यामुळे. धमनीकाठिण्य हा दाहाचा विकार आहे, असे त्यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले. एलडीएल भिंतीत शिरते, तिथे बिघडते, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि वरचे आवरण झिजवतात. ते फाटले की गुठळी होते. म्हणूनच फारशी न तुंबलेली धमनीही झटका देऊ शकते. गाळाच्या चित्रात हे बसत नाही.

तरी पुरावा हवा होता. २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत १७,८०२ जणांवर रोसुव्हास्टॅटिन तपासले. झटके घटले, पण त्या औषधाने कोलेस्टेरॉल आणि दाह दोन्ही उतरवले, मग श्रेय कोणाला? उत्तर २०१७ मध्ये मिळाले. ‘कँटॉस’मध्ये १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन तपासले. एलडीएल तसेच राहिले, दाह उतरला, आणि मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. विर्खोंची बाजू लागली. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, औषधही फार महाग; हृदयरोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही.

मग नजर वळली ती एका जुन्या, स्वस्त औषधाकडे, आणि इथे आपला मुलूख येतो. कॉल्चिसिन हे संधिवातावरचे, विशेषतः गाउटवरचे औषध. ज्या कंदातून ते १८२० मध्ये प्रथम वेगळे काढले, त्याचीच भावंडे युनानीत ‘सुरंजान’ म्हणून ओळखली जातात. इब्न सीनाच्या ग्रंथात सुरंजान आहे. भिवंडीतल्या हकिमी औषधांच्या जाणकारांना तर ते सांगायलाच नको. त्यात शीरीं म्हणजे गोड, ते पोटात. तल्ख म्हणजे कडू, ते बहुधा बाहेरून लावायला. हा भेद विषाच्या अनुभवातूनच आला असावा, असा माझा तर्क. तेच द्रव्य आपल्या कळलावीतही आहे. ठाण्याच्या रानात श्रावणात झुडपांवर चढून लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलते ती. प्रसूतीच्या कळा लावते म्हणून कळलावी. आणि कंद पोटात गेला तर जीव घेते, हेही गावाला ठाऊक.

‘लोडोको-२’ या २०२० च्या चाचणीत ५,५२२ स्थिर हृदयरुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम कॉल्चिसिन किंवा नुसती गोळी दिली. औषध घेणाऱ्यांत झटके, पक्षाघात वगैरे मिळून ३१ टक्के कमी. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला हृदयविकारासाठी मान्यता दिली. पण २०२४ मध्ये ‘क्लिअर सिनर्जी’त, झटका नुकताच आलेल्या ७,०६२ रुग्णांत फायदा दिसला नाही. म्हणजे कोणाला, केव्हा द्यावे, हा वाद चालूच आहे. मूत्रपिंडे अधू असलेल्यांना ते धोक्याचे. काही प्रतिजैविकांबरोबर घेतले तर शरीरात साचते. आणि कळलावीच्या कंदाला मात्रेची चिठ्ठी नसते.