तळटीप : ‘खेळण्यातला दसरा’

३. ‘खेळण्यातला दसरा’ : हिंगोलीच्या रामलीला मैदानावरची जत्रा उंचावरून टिपताना लेखकाने ‘टिल्ट-शिफ्ट’ भिंग वापरले आहे, ड्रोन किंवा मातीचे देखावे नव्हेत. ३५ मि.मी. कॅमेऱ्यात ५० मि.मी.चे भिंग एफ/८ वर ठेवून शंभर मीटरवर फोकस केला, तर साधारण दहा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे रेखीव येते. मागचे-पुढचे धूसर होते ते वस्तू हातभर अंतरावर असली की. भिंग कलवले की स्पष्टतेचे प्रतल तिरके होते, चित्रात रेखीव पट्टा उरतो आणि डोळा फसतो : आकाशपाळणा चहाच्या बशीएवढा, रावण काडेपेटीतल्या काडीएवढा! छायाचित्र वरून घेतलेले हवे. टेबलावरचे खेळणे आपण वरूनच पाहतो. गंमत अशी की, भिंग कलवल्यावर प्रतल तिरके होण्याचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या ऑस्ट्रियन लष्करातल्या थिओडोर शाइम्फ्लुगला (पेटंट, १९०४) हवाई छायाचित्रांतली विकृती घालवायची होती. हल्ली मोबाइलमध्ये वर-खाली धूसर पट्टे ओढूनही हे साधतात; मात्र दोन्ही प्रकारांत रावणाचे पाय रेखीव आणि दहाही डोकी पुसट, असे होऊ शकते. —संपा.