ग्रंथांना घर हवे



वस्तीत सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत बांधावी, असा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पुस्तके घ्यायलाच पैसे पुरत नाहीत, मग इमारत कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी पदरचे देत नाही. इतिहासाने दिलेले उत्तर आपणांपुढे ठेवतो.

पाटण्यात मुहम्मद बख्श नावाचे एक वकील होते. अरबी व फारसी हस्तलिखिते जमविण्याचा त्यांना नाद होता. १८७६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे १४०० हस्तलिखिते होती. हा संग्रह वाढवावा आणि सर्वांसाठी खुला करावा, अशी त्यांनी मुलाजवळ इच्छा व्यक्त केली होती. मुलगा खुदाबख्श (१८४२-१९०८) हाही वकीलच. वडिलांनी त्याच्यासाठी दौलत नव्हे, एक जबाबदारी मागे ठेवली होती.

खुदाबख्श यांनी ती कशी पार पाडली? वकिलीची कमाई त्यांनी ग्रंथांवर खर्च केली. अरब देशांतून हस्तलिखिते शोधून आणण्यासाठी पगारी माणूस ठेवला. परंतु एवढ्यावरच ते थांबले असते, तर आज त्यांचे नावही आपणांस ठाऊक नसते. घरातल्या कपाटातील ग्रंथांचे काय होते, हे आपण सारेच जाणतो. मालक गेला की वारसांत वाटणी होते, काही वाळवी खाते, उरलेले रद्दीत जातात. खुदाबख्श यांनी हा धोका ओळखला. गंगेच्या काठी त्यांनी दुमजली इमारत उभारली. तिला त्या काळी सुमारे ८०,००० रुपये लागले. १८९१ साली सुमारे ४००० हस्तलिखितांसह ते ग्रंथालय त्यांनी जनतेच्या स्वाधीन केले.

आता या इमारतीने काय साधले ते पाहा. ग्रंथांना कायमचा पत्ता मिळाला. पुढे १९०५ साली तेथे कर्झन वाचनकक्ष उभा राहिला आणि पाटण्याच्या पिढ्यान् पिढ्यांना अभ्यासाला बसण्याची जागा मिळाली. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. तैमूरच्या घराण्याचा इतिहास सांगणारे 'तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया' हे दुर्मीळ सचित्र हस्तलिखित आजही तेथे सुरक्षित आहे. २०२१ साली उड्डाणपुलासाठी वाचनकक्षाचा काही भाग पाडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सर्व धर्मांचे वाचक, विद्वान आणि विद्यार्थी विरोधास उभे राहिले. कपाटासाठी असे कोण उभे राहिले असते?

मात्र या कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथालयापायी खुदाबख्श कर्जात बुडाले आणि अखेरीस त्यांना सरकारी मदत घ्यावी लागली. त्यांची कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे. एका माणसाने एकट्याने हे ओझे वाहिले, म्हणून ते इतके जड झाले. तेच शंभर घरांनी वाटून घेतले, तर कोणाच्याही पाठीला बाक येणार नाही.

आपणांस तर त्यांच्याहून सोयी अधिक आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. १९७२ साली स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथालयांना साहाय्य करते. पण हात पुढे करणाऱ्याने आधी स्वतःचे दोन पैसे मुठीत ठेवावे, हे बरे.

कोणी म्हणेल, आता मोबाईलमध्ये सारी पुस्तके आहेत. असतील, पण मोबाईलमध्ये बसायला जागा नाही. माझ्या दहावीच्या वर्गातील एक मुलगी एका खोलीत सात माणसांसह राहते. रात्री चाळीच्या जिन्यावरील दिव्याखाली ती अभ्यास करते. दिवाळीची सुट्टी लागताना सर्व मुले आनंदात होती. ती मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, सुट्टीत एखादा वर्ग उघडा ठेवता येईल का?" मला उत्तर देता आले नाही. शाळेच्या ग्रंथालयाच्या नावाने आमच्याकडे तीन कपाटे आहेत. शाळा बंद झाली की तीही बंद.

तेव्हा, पालकहो, संगमरवरी वास्तू कोणी मागत नाही. गळणार नाही असे छप्पर, ओल धरणार नाहीत अशा भिंती, चाळीस मुले शांतपणे बसतील एवढी खोली, मुलींसाठी निर्धास्त जागा आणि रात्री नऊपर्यंत जळणारे दिवे, एवढेच हवे. लग्नकार्यात एका जेवणावळीला आपण जो खर्च करतो, त्याचा दहावा हिस्सा प्रत्येक घराने बाजूला काढला, तरी पाया भरून निघेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पैसे नसतील तर श्रम द्या. पुस्तकांना पुठ्ठे घाला, यादी करा, आठवड्यातून एक तास देखरेखीला बसा. मुहम्मद बख्श यांनी मुलाजवळ इच्छा बोलून दाखविली आणि मुलाने ती खरी केली. आपण आपल्या मुलांसाठी काय ठेवून जाणार आहोत, याचा विचार ही स्मरणिका मिटण्यापूर्वी प्रत्येकाने करावा, एवढीच विनंती.