माळावरच्या अंड्याचे वैरी

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा आज ऊस, केळी आणि हळदीच्या मुलखात मोडते. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर अशी धरणे झाली, कालवे आले, साखर कारखाना उभा राहिला आणि नांदेड-हिंगोली रस्त्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा बागायती झाला. त्याआधी, निजामाच्या राज्यात हा भाग परभणी जिल्ह्यात होता, तेव्हा काळ्या जमिनीच्या मधूनमधून मुरमाड माळ पसरलेले असत. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांवर गावची गुरे आणि धनगरांची मेंढरे जगत. टिटवी, धाविक, पखुर्डी, तितर, लावा, चंडोल ही झाडाकडे न फिरकता उघड्या जमिनीवर अंडी घालणारी पाखरे याच माळाची. दख्खनच्या अशा माळांचे दोन मानकरी होते, माळढोक आणि तणमोर. दोघेही आज नामशेष होण्याच्या काठावर आहेत. त्यांची अंडी-पिल्ले खाणाऱ्या प्राण्यांना आवर घातल्याशिवाय हे पक्षी वाचणार नाहीत, असे आता पुष्कळ जाणकार म्हणतात. ते खरे आहे. पण आवर कोणाला घालायचा, याचे उत्तर माळाच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते, आणि तो इतिहास सांगतो की आपण एकदा चुकीच्या प्राण्याला वैरी ठरवून बसलो आहोत.

माळढोकाची मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते. घरटे म्हणजे जमिनीवरचा जरासा खळगा. जवळजवळ महिनाभर ती एकटीच ते उबवते. नराची कसलीही मदत नसते. चरायला उठली की तेवढा वेळ अंडे उघडे. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते, तीही पावसाळ्यात, गवतात किंवा पिकात, तितकीच एकटी. अशा अंड्याला घोरपड, मुंगूस, खोकड, कोल्हा, रानमांजर, साप आणि कावळा यांचे भय पहिल्यापासून होते. तरीही हजारो वर्षे हे पक्षी टिकले, कारण माळ मोठा होता, मादी घरट्याची जागा बदलू शकत होती, आणि एका वर्षी अंडे गेले तरी पुढच्या अनेक वर्षांत एखादे पिल्लू मोठे होणे पुरेसे होते. माळढोक दीर्घायुषी पक्षी आहे. त्याचा हिशेब सावकाश चालतो. हा हिशेब बिघडला तो मोठी पाखरेच भराभर मरू लागली तेव्हा.

ती मारली माणसाने. रॉबर्ट मॅन्सफील्ड या एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या जगात मिळून माळढोक सुमारे दीडशे उरले असताना हा आकडा वाचणे जड जाते. हिंगोलीलाही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, आणि छावणी म्हटली की साहेबांची शिकार ओघाने आलीच. त्याच इंग्रज राज्यकर्त्यांनी हिंस्र प्राण्यांच्या नायनाटासाठी बक्षिसे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. यातला लांडगा हा आपल्या माळाचा प्राणी. मेंढरे आणि माणसे वाचवण्यासाठी त्याला मारले, असे कारण सांगितले जाई, आणि बिहार-अवधच्या काही भागांत लांडग्यांनी मुले उचलल्याच्या घटना खऱ्याही होत्या. मात्र माळढोकाच्या अंड्याशी त्या मोहिमेचा काडीचा संबंध नव्हता. शिकारी प्राण्यांना मारण्याची कल्पना आधुनिक राज्यव्यवस्थेत आली ती माणसाच्या गोठ्यासाठी आणि बंदुकीसाठी. इंग्लंडातही जमीनदारांचे रखवालदार बंदुकीसाठी पाळलेल्या पाखरांपायी कोल्हे, मुंगसासारखे प्राणी आणि ससाणे-घारी टिपत. त्यापायी एकोणिसाव्या शतकात लाल घार इंग्लंड आणि स्कॉटलंडातून पार संपली.

लांडगा मात्र आपल्या माळावर माळढोकाच्या शेजारीच राहत होता. सोलापूरजवळच्या नान्नजला जे अभ्यास झाले त्यांत त्याचे मुख्य भक्ष्य काळवीट आणि मेंढरे-बकऱ्या हेच दिसले. तिथल्याच खोकडाचा अभ्यास अबी तमिम वनक यांनी केला. खोकडाच्या आहारात उंदीर, किडे आणि बोरे, तर तिथल्या मोकाट कुत्र्यांच्या आहारात मुख्यतः माणसाचे उष्टे, धान्य आणि मेलेली गुरे. शिवाय कुत्री जिथे वावरतात ती जागा खोकड टाळतो. याचा अर्थ माझ्या मते असा की माळावरचा नवा बलाढ्य शिकारी, म्हणजे कुत्रा, माळावर जगतच नाही. त्याचे पोट गाव भरते आणि शिकार तो माळावर करतो. रानातला कोल्हा सशांची आणि उंदरांची संख्या घटली की स्वतःही घटतो. गावच्या उकिरड्यावर पोसलेला कुत्रा माळ ओस पडला तरी घटत नाही. देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी सुमारे ८० जातींच्या वन्यजीवांवर हल्ले केल्याचे आढळले, आणि त्यातल्या ३१ जाती धोक्यात असलेल्या होत्या.

या बदलाला आपल्या गावगाड्याचा इतिहास कारण आहे. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे ते तासाभरात फस्त करीत. नव्वदच्या दशकात गिधाडे ओळीने मेली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर ढोरांचे मांस कुत्र्यांच्या वाट्याला गेलेले होते. दुसरीकडे बागायत वाढली. उसाचा फड वर्षभर उभा असतो आणि दाट असतो. कोल्हे आणि रानडुकरे त्यात दडतात, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. वस्त्या, ढाबे आणि कत्तलखान्यांच्या मागे कावळे वाढले. उरलेला माळ तुकड्यातुकड्यांचा झाला, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड गावाला जवळ. डोंगरकड्यासारख्या गावात टिटवीला आज अंडी घालायला जी उघडी जागा सापडते ती उसाच्या, रस्त्याच्या किंवा वस्तीच्या शेजारीच असते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माळढोकाचा खरा वैरी नाहीशी झालेली जमीन आणि विजेच्या तारा आहेत, कुत्र्या-कोल्ह्यांकडे बोट दाखवणे ही पळवाट आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. जैसलमेरच्या भागात तारांवर आदळून दरवर्षी अंदाजे १८ माळढोक मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा हिशेब आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला तो त्यामुळेच. महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे आणि शेकडो खासगी शेते आली, निर्बंध आले, लोक रुष्ट झाले, आणि २०१२ च्या सुमारास ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मध्य प्रदेशातल्या करेरा अभयारण्यात तर नव्वदच्या दशकात माळढोक संपलाच. जमीन आणि तारा हे पहिले प्रश्न आहेत, हे मी मान्य करतो. पण पाखरांची संख्या एवढी खाली गेल्यावर अंडी जाण्याचे महत्त्व वाढते, घटत नाही. हजार माळढोकांतली शंभर अंडी गेली तर पक्षी टिकतो. पाच माद्यांची पाचही अंडी गेली तर त्या वर्षी पिढीच पुढे सरकत नाही. म्हणूनच जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात विणीच्या जागांना जाळीचे कुंपण घातले आहे आणि कुत्र्यांना बाहेर ठेवण्याचा प्रयत्न होतो. २०१९ पासून जैसलमेरजवळच्या सम इथे रानातली अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. अंडे वाचवणे हे माळ वाचवण्याच्या जोडीनेच करायचे काम आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की मग सगळ्याच शिकारी प्राण्यांवर बंदूक धरा. त्यांच्याकडेही पुरावा आहे. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या ऑटरबर्न इथे २००० ते २००८ या काळात कोल्हे, कावळे आणि त्यांच्या जोडीचे छोटे शिकारी प्राणी मारून पाहिले, तेव्हा जमिनीवर वीण करणाऱ्या पाखरांचे विणीतले यश सरासरी तिप्पट झाले. न्यूझीलंडने तर २०५० पर्यंत बाहेरून आलेले उंदीर, स्टोट आणि पॉसम हे शिकारी प्राणी देशातून हद्दपार करण्याचे ठरवले आहे. काकापो हा पोपट १९९५ साली अवघा ५१ उरला होता, तो असे शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर हलवून वाचवला गेला. पण या उदाहरणांतून आपल्याला धडा घ्यायचा तर भेदासह घ्यावा लागतो. न्यूझीलंडात वटवाघळांखेरीज जमिनीवरचे सस्तन प्राणी मूळचे नव्हतेच, म्हणून तिथला उंदीर हा निव्वळ उपरा आहे. इंग्लंडच्या माळावरून लांडगा शतकांपूर्वीच गेला, आणि तिथला कोल्हा आज माणसाच्या हिरव्या कुरणांवर वाढतो. आपला लांडगा, खोकड, तरस आणि घोरपड यांपैकी कुणीही उपरा नाही. ते कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांतले काही स्वतःच संकटात आहेत. पुण्याजवळ लांडग्याचा कुत्र्याशी संकर झाल्याचे जनुकीय पुराव्याने दिसले आहे. अंड्यासाठी खोकड मारणे म्हणजे एका दुर्मीळ जिवासाठी दुसरा संरक्षित जीव देणे होय. उपऱ्याची जागा आपल्या माळावर कुत्र्याने घेतली आहे, आणि त्याला तिथे आपणच नेले आहे.

कुत्र्यांबद्दल दया बाळगणारे लोक या निष्कर्षाने दुखावतात. त्यांची भावना खोटी नाही, आणि कुत्र्यांना मारावे असे मीही म्हणत नाही. २००१ चे आणि नंतर २०२३ चे जन्मनियंत्रणाचे नियम निर्बीजीकरणाचाच मार्ग सांगतात. पण निर्बीजीकरण करून कुत्रा त्याच माळाच्या कडेला सोडला तर तो आणखी अनेक वर्षे अंडी शोधत फिरू शकतो. म्हणून विणीच्या भागातली मोकाट कुत्री निर्बीज करून मग आश्रयस्थानात ठेवणे, गावकीने ढोरांची विल्हेवाट पुरून लावणे, उकिरडे झाकणे आणि मेंढपाळाची कुत्री विणीच्या दिवसांत साखळीवर ठेवणे यांत कोणत्याही जिवावर अन्याय नाही. उकिरडा आणि मेलेले ढोर आवरले की कावळाही तिथून आपोआप हटतो. कावळा २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या सूचीत, उपद्रवी प्राण्यांत होता. कुणालाही मारता येत होता, तरी त्याची संख्या त्यामुळे घटली नाही. अन्नाला हात न लावता प्राण्यावर हात उगारण्याचा हा परिणाम आहे.

हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम आणि त्यापलीकडच्या अकोला जिल्ह्यांत तणमोर अजून येतो. तिथे फासेपारध्यांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या फासात धरले, आणि आता त्यांच्यातलीच काही माणसे गवतात आणि सोयाबीनच्या रानात त्याची घरटी शोधून राखण्याचे काम करतात. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजाला गुन्हेगार ठरवले त्यांच्या ज्ञानाशिवाय आज तणमोराचे घरटे सापडत नाही. कळमनुरी तालुक्यातल्या ग्रामसभांनीही त्यांना बोलवावे. पावसाळ्यात विणीच्या माळावरून गुरे-कुत्री दूर ठेवावीत, ढोरे उघड्यावर टाकू नयेत, आणि सोयाबीन काढताना घरटे आढळले तर तेवढी रोपे उभी सोडावीत. त्यासाठी ना अभयारण्याची अधिसूचना लागते ना बंदूक; एक ठराव पुरेसा आहे, तो येत्या मृगाआधी व्हावा.