बाळाची खाट, पलंगालगतची

आईच्या अंथरुणाला चिकटून ठेवायची, तिच्या बाजूने उघडी किंवा बुटक्या कठड्याची लहान खाट. दुकानात ‘बेडसाइड क्रिब’ म्हणून मागावी लागते. घरी आणली की तिला पाळणाच म्हणतात. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर, एवढाच तिचा उपयोग. रात्री पाजून झाले की बाळाला परत त्याच्या जागी सरकवता येते आणि दमून झोपलेल्या आईचा हात, उशी किंवा पांघरूण त्याच्या तोंडावर येत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात या खाटेचा विचार दोन घरे धरून करावा लागतो. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडून कामाला आलेल्या कुटुंबांतली बाईमाणसे बहुधा सातव्या महिन्यात माहेरी जातात आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की भोसरी, तळवडे किंवा म्हाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीत परततात. नवजात बाळाचे सर्वांत जोखमीचे दिवस त्यामुळे माहेरच्या घरात जातात. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर रेटा देऊन उठू लागले, साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास, की अशी उघडी खाट बंद करायची असते. हौसेने महागडी खाट घेऊन ठेवणाऱ्याने आधी हे महिने बोटांवर मोजावेत.

माहेरी बाळ झोळीत, पाळण्यात किंवा बाळंतिणीच्या बाजेवर झोपते. साडीची झोळी बाळाला शांत करते हे खरेच आहे. पण तिचा तळ खोलगट असतो. नवजाताचे डोके जड आणि मान कमकुवत. अशा खोलगटीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. झोळीत डोळा लागला की बाळाला सपाट जागी, पाठीवर ठेवावे. मोठ्या भावंडांनी त्याच झोळीत गिरक्या घेतल्या तर साडीचा पीळ गळ्याभोवती बसतो. वापर नसताना ती कडीवरून उतरवून ठेवावी. बाज सैल असेल तर तिचाही खोलगा होतो. बारशाला सजवलेला पाळणा समारंभापुरता ठीक. रात्रीच्या झोपेआधी त्यातली फुले, झालरी, गोंडे काढायलाच हवेत. बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावणे मात्र कोणत्याही कारणाने चालणार नाही, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

बाळाला पाठीवरच का झोपवायचे, याचे उत्तर मोठ्या अनुभवातून आले आहे. अमेरिकेत १९९४ साली ‘पाठीवर झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. तिरक्या बैठकीचा एक खपाऊ पाळणा २०१९ साली तिथे परत मागवावा लागला. तसे सुमारे ४७ लाख पाळणे विकले गेले होते. २०२२च्या कायद्याने १० अंशांहून अधिक उताराचे पाळणे आणि कठड्याला बांधायच्या मऊ पट्ट्या तिथे बंद झाल्या. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली जुनी वस्तू यातली नाही ना, हे पाहून घ्यावे.

खाट तपासण्याची रीत या पट्ट्यातल्या माणसाला वेगळी शिकवायला नको. शॉपफ्लोअरवर गो–नो-गो गेज रोज हातात असतो. इथेही तोच लावावा. लाकडाचा बरोबर ६ सेंमी रुंदीचा ठोकळा घ्यावा. कठड्याच्या दोन गजांमधून तो पार झाला, तर खाट रिजेक्ट. गादी आणि चौकटीत दोन बोटांहून जास्त फट नको. गादी दाबून हात उचलला की पंजाचा ठसा राहू नये. नव्याने पिंजलेल्या कापसाच्या फुगीर गादीवर तो हमखास राहतो.

सगळ्यात घातक जागा आईची गादी आणि खाट यांच्यामधली फट. या खाटांचे पाय पलंगाखाली सरकतात आणि पट्टा पलंगाच्या चौकटीला आवळतात, अशी रचना असते. आपल्याकडचा बॉक्सचा दिवाण तळापर्यंत बंद असतो. पाय आत जात नाहीत, पट्ट्याला धरायला काही नसते. मग खाट दोन-तीन बोटे लांब राहते आणि लोक त्या फटीत दुपटे कोंबतात. ते करू नये. रात्रीत दुपटे खाली बसते आणि बाळ तिथे अडकते. पट्टा घट्ट बसत नसेल तर खाट नकोच.

दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सगळे जमिनीवर झोपतात, तिथे आईच्या गादीशेजारी टणक, सपाट वेगळी गादी आणि वर बाळापासून दूर राहील अशी ताणलेली मच्छरदाणी हीच उत्तम व्यवस्था. ती स्वस्त आहे म्हणून कमी समजू नये. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी त्या गादीवर नको. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढावा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, आई मिसरी लावत असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर एकाच अंथरुणात झोपवण्याचा धोका आणखी वाढतो. तिसऱ्या पाळीहून आलेल्या बापाने बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळे मिटणे तर फारच धोक्याचे.

पॅकिंगच्या लाकडाची खाट सुताराकडून स्वस्तात होते. फळीवरचा शिक्का आधी वाचावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती बाळाच्या खाटेला घेऊ नये. शिक्का नसेल तरी नको, कारण त्या फळीवर आधी काय सांडले ते कळत नाही.

बाळंतपण दवाखान्यात झाले की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन करायला त्या बसल्या की त्यांना झोपायची जागा आपणहून दाखवावी, मग घर माहेरचे असो की चाकणचे.